हॅलम कोर्टचे दोन दिवाणखाने

१

काचपेटी रिकामी होती. आतली निळी मखमल तेवढी जागेवर होती, इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत. कुलूप शाबूत, काचेवर ओरखडा नाही, आणि ज्या गजराचं काल एवढं कौतुक ऐकलं होतं त्यानं रात्रभर हूं की चूं केलं नव्हतं. चांदीचं फावडं मात्र गेलं होतं.

चैत्राली बापटनं वाकून पुन्हा एकदा आत पाहिलं. ती मूळची पुण्याची, जुन्या वास्तूंची डागडुजी करणारी आर्किटेक्ट. ब्रिस्टलजवळच्या या हॅलम कोर्टचं छप्पर वर्षभर तिच्याच देखरेखीखाली दुरुस्त होत होतं. मराठी मंडळाला गणपतीसाठी इथला पूर्वेचा दिवाणखाना मिळवून दिला तो तिनंच, आणि किल्ली घेताना सही केली तीही तिनंच.

हे घर बांधणारे सर जोसाया हॅलम म्हणजे रेल्वेतलं बडं प्रस्थ. इंग्लंडात रूळ टाकून झाले तसे त्यांनी सह्याद्रीतल्या एका घाटात रूळ टाकले, आणि त्या कामाचा मुहूर्त केला तो याच चांदीच्या फावड्यानं. घर बांधतानाही त्यांच्यातला रेल्वेवाला गप्प बसला नाही. मधोमध इंजिन फिरवायच्या चकतीसारखा गोल चौक आणि वर काचेचा घुमट. त्यात मुली दोन. एकीला जे ते दुसरीला, नाहीतर घरात महाभारत. म्हणून चौकाच्या पूर्वेला एक दिवाणखाना आणि पश्चिमेला हुबेहूब तसाच दुसरा. कुठल्याही दिवाणखान्यात शिरा, शेकोटी डाव्या हाताला, समोर रंगीत काचांची खिडकी, उजव्या भिंतीशी काचपेटी. चौकात यायला रस्त्याकडून एक दार आणि तळ्याकडून अगदी तसंच दुसरं. दोन्ही दिवाणखान्यांची किल्लीसुद्धा एकच. नकाशावर हे सगळं फार गोड दिसतं. आत शिरलं की आपल्या आर्किटेक्टबाईसुद्धा वर्षभर चुकत होत्या, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मोबाइलवर बोलत असल्याचं सोंग करून उभ्या राहत होत्या.

तिथीनं गणपती बुधवारीच बसले होते. पण बुधवारी सगळे ऑफिसात, त्यामुळे ब्रिस्टलच्या मंडळाचा गणपती शनिवारी बसतो. काल सकाळी छान ऊन होतं, तांदळाच्या राशीवर मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. संध्याकाळी उत्तरपूजा झाली, मूर्ती रिवाजाप्रमाणे उत्तरेकडे सरकवली, आणि तळ्याकडे निघणार तोच आभाळ फाटलं. तळ्याच्या पायऱ्या निसरड्या, तेव्हा विसर्जन रविवारवर गेलं.

आज सकाळी मंडळाचा सेक्रेटरी अनुप यानं सगळ्यांना टेक्स्ट केला: रस्त्याकडच्या दारात चिखल आहे, तळ्याकडच्या दारानं या, कालच्यासारखंच डावीकडे वळा. त्याप्रमाणे सगळे आले. चौरंग, मूर्ती, समया, काळ्या फळीवर काढलेली रांगोळी, सगळं काल होतं तसं होतं. फक्त पेटी रिकामी.

"मिस बापट," मागून मॅनेजर पेनरोज यांचा धाप लागलेला आवाज आला, "किल्ली रात्री तुमच्याकडेच होती ना?"

किल्ली रात्री चैत्रालीकडे नव्हती.

२

किल्ली होती अनुपकडे. सामान सांभाळायला तो रात्री वरच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिला होता, आणि "दे गं, सकाळी तुझी धावपळ नको" असं त्यानं म्हटल्यावर तिनं ती काढून दिली होती. नियम असा की सही करणाऱ्यानं किल्ली हातची सोडायची नाही. पण तीन वर्षं हा माणूस तिच्याबरोबर मंडळाची खुर्ची न् खुर्ची उचलत आला होता. तिच्या पहिल्या हिवाळ्यात, ती तापानं फणफणलेली असताना, त्यानं डबे पोचवले होते.

"जबाबदारी माझी आहे," ती एवढंच म्हणाली.

पेनरोज हे जेमतेम महिन्यापूर्वी नोकरीला लागलेले, उंच आणि सदा घाबरलेले गृहस्थ. त्यांनी कपाळ पुसलं. "लेडी हॅलम पाच वाजता येणार आहेत. ट्रस्टच्या अध्यक्ष आहेत त्या. तोवर फावडं मिळालं नाही तर पोलीस, आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट तिथेच संपलं. आय ॲम सॉरी."

कॉन्ट्रॅक्ट संपलं की व्हिसा संपला. अर्धवट छप्पर इथे सोडून, कपाळावर चोरीचा शिक्का घेऊन पुण्याला परत जायचं. कोण ठेवणार होतं मग तिच्या हातात एखादी जुनी वास्तू?

"अहो, पाचपर्यंत तर पुष्कळ वेळ आहे," असं म्हणत शशीकाका पुढे आले. शशी राजवाडे लंडनजवळ पिनरला राहतात आणि दरवर्षी पूजा सांगायला ब्रिस्टलला येतात. सारी हयात त्यांनी लंडनमध्ये विम्याचे दावे तपासले. लोकांचं काय हरवलं यापेक्षा काय मुळी हरवलंच नाही हे शोधण्याचा पगार मला मिळायचा, असं ते सांगतात. आता गुडघे बोलतात, पण डोळे अजून तसेच. ते पेनरोजना म्हणाले, "मला फक्त चार लोकांशी गप्पा मारू द्या."

पेनरोज तयार झाले. आधी सगळ्यांच्या बॅगा आणि गाड्या तपासल्या. काही निघालं नाही. मग घर तपासलं. पलीकडचा बंद दिवाणखाना पाहायला अनुप आपणहून गेला आणि हात झटकत परत आला. "नुसत्या चादरी टाकल्यात सगळीकडे. धूळ."

"आणि तो गजर?" शशीकाकांनी विचारलं.

"त्याला आता काय अर्थ आहे?" पेनरोज वैतागून म्हणाले. "पेटी उघडली तरी वाजला नाही. सगळ्या घराचा बंद करून ठेवलाय. उद्या इलेक्ट्रिशियन येईल."

शशीकाकांनी मान हलवली आणि ते पेटीशी जाऊन वाकले. बराच वेळ त्या मखमलीकडे बघत राहिले.

"चैत्राली," ते हळूच म्हणाले, "फावडं जड होतं ना गं?"

३

जड होतं, चांगलंच जड. त्याचं पुढे काय, ते मात्र काकांनी सांगितलं नाही. चैत्रालीला त्यांच्या मागोमाग फिरण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. गोल चौकात येऊन त्या चार सारख्या दारांकडे बघितलं की आपण कुठून आलो हेच तिला आज उमजेना.

पहिली भेटली ईशिता. जन्म इथलाच, केंब्रिजला इतिहास शिकते, आणि सुट्टीत हॅलम कोर्टमध्ये टूर देते. ती फुरंगटून खिडकीत बसली होती.

"सगळे माझ्याकडेच बघतात, कारण मी मीटिंगमध्ये भांडली होती," ती म्हणाली. "मी बोलली की हा फावडा एवढा प्राऊडली का दाखवता? त्या घाटात किती वर्कर्स मेले, त्यांचा एक बोर्ड पण नाही. पण काका, मी चोरणार नाही. मला तर तो इथेच पाहिजे. तो नसला तर मी लोकांना काय दाखवून सांगू?"

"बरोबर आहे तुझं," शशीकाका म्हणाले. "आणि टूरमध्ये पलीकडचा दिवाणखाना पण दाखवतेस?"

"नाही, तो बंद असतो. सेम टु सेम आहे. पेटी पण आहे, पण धाकट्या मुलीसाठी दुसरा फावडा बनवलाच नाही. तिची पेटी कायम रिकामी. सो सॅड, ना?"

पेनरोज ऑफिसात होते. पेटीची चावी त्यांच्या मागे खिळ्याला लटकत होती आणि ती तिथे असते हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा भरवसा चावीवर नव्हताच, गजरावर होता. "गजर चालू असताना पूर्वेच्या पेटीची काच नुसती उघडून बघा, गावभर ऐकू जाईल," ते म्हणाले, आणि मग तो वाजला नव्हता हे आठवून टेबलावरचे कागद सारखे करू लागले. सकाळी आरडाओरडा ऐकून आपण आवाजाच्या दिशेनं धावलो, गणपती दिसला तसे आत शिरलो, एवढंच त्यांना सांगता आलं. "खरं सांगू का, या घरात मी अजून रोज चुकतो," असंही ते शरमून म्हणाले. चैत्रालीला त्या क्षणी त्यांच्याविषयी फार माया वाटली.

अनुप हारफुलं गोळा करत होता. निर्माल्यासाठी त्यानं एक लांबलचक कापडी पिशवी आणली होती. किल्लीचं विचारल्यावर तो चैत्रालीकडे न बघता म्हणाला, "कुलूप मीच लावलं. पाऊस पडत होता, झोपून गेलो. काका, मला खरंच काही माहीत नाही. विसर्जन उरकून घेऊ या का? लोक खोळंबलेत."

"पाच वाजेपर्यंत देवही थांबेल," शशीकाका म्हणाले.

ते पुन्हा चौरंगाशी आले. मूर्ती काल सरकवली होती तशीच, चौरंगाच्या मध्यापासून डावीकडे, शेकोटीच्या अंगाला. चैत्रालीनं उगीच हार सरळ केला. लाल कापड स्वच्छ होतं, त्यावर कुठे दाणासुद्धा सांडलेला नव्हता. काकांनी मूर्ती जरा उचलून, चष्मा पुसून पुसून खाली पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की चैत्रालीला वाटलं त्यांना भोवळ येतेय.

"काय झालं काका?"

"कोण ते कळलं," ते म्हणाले. "पण कसं ते अजून कळत नाही, आणि कुठे तेही."

४

चार वाजून गेले. ईशिता कोपऱ्यात नखं खात होती, अनुप पिशवीची घडी घालत होता आणि उलगडत होता. चैत्रालीनं मनातल्या मनात आईला फोन लावून पाहिला, पण पहिलं वाक्य काही जुळेना. बाहेर सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं.

मग ढग पांगले. रंगीत काचांमधून एकदम तिरपं ऊन आत आलं आणि गणपतीच्या मुकुटामागे लाल-पिवळ्या रंगांचा सडा पडला. एक हिरवा तुकडा शशीकाकांच्या पायावर पडला. मनात एवढा गोंधळ असतानाही चैत्रालीला बरं वाटलं.

"काल सकाळी प्रतिष्ठापनेच्या वेळी अस्संच ऊन आलं होतं," ती म्हणाली. "आठवतं? तुमच्या सोवळ्यावर सगळे रंग."

शशीकाकांनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"काल सकाळी," ते म्हणाले. "आणि आता?"

"आता दुपार..." चैत्राली बोलता बोलता थांबली.

सकाळचं ऊन ज्या खिडकीतून येतं त्याच खिडकीतून दुपारचं ऊन येत नाही. हे कळायला आर्किटेक्ट व्हावं लागत नाही. तिनं खिडकीकडे बघितलं, मग दाराकडे, मग शेकोटीकडे, आणि तिच्या डोक्यात सगळं घर गर्रकन फिरलं.

"काल मी तुला विचारलं होतं, उत्तर कुठली," शशीकाका म्हणाले. "तू म्हणालीस, शेकोटीकडची. मी माझ्या हातानं मूर्ती शेकोटीकडे सरकवली. बरोबर? आता सूर्य गणपतीच्या मागे आहे. म्हणजे ती पश्चिम. मग शेकोटी कुठल्या दिशेला आली?"

"दक्षिणेला," ती पुटपुटली.

"मी साठ वर्षं पूजा करतोय. गणपती दक्षिणेला सरकवणार नाही, आणि सूर्यही आपली जागा सोडणार नाही. मग कोण चुकलं?"

चैत्रालीनं कपाळावर हात मारून घेतला. "खोली! काका, आपण काल रस्त्याकडच्या दारानं आलो आणि डावीकडे वळलो, ती पूर्व. आज तळ्याकडच्या दारानं आलो आणि डावीकडेच वळलो. आपण पश्चिमेच्या दिवाणखान्यात उभे आहोत. काल आपण इथे आलोच नव्हतो!"

आणि ती धावत सुटली.

५

चौक ओलांडून समोरचं दार ढकललं तर आत अंधूक उजेड. खुर्च्यांवर चादरी, शेकोटीवर चादर, उजव्या भिंतीशी एका उंच वस्तूवर चादर. चैत्रालीनं ती ओढली. काचेच्या आत, वर्षानुवर्षांच्या वजनानं खोल दबलेल्या मखमलीत, चांदीचं फावडं निवांत पडलं होतं.

ती खाली बसली आणि ढसाढसा रडली. ईशिता तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

"म्हणून ती मखमल गुळगुळीत होती," शशीकाका मागून आले. "त्या पेटीत कधी काही ठेवलंच नव्हतं. गजर वाजेल कशाला? पूर्वेची पेटी गजर चालू असताना उघडता येत नाही. मग काय करायचं? आपला सगळा संसार उचलून पश्चिमेला मांडायचा, तिथल्या चादरी आणून इथे टाकायच्या, आणि लोकांना रिकामी पेटी दाखवायची. गजर बिघडला असं वाटून तो बंद करणार तो पेनरोजच. बॅगांची झडती एकदा झाली की पुन्हा कोण घेतंय? लोक तळ्यावर जातील, तेव्हा पेटी उघडायची, आणि फावडं निर्माल्याच्या लांब पिशवीत घालायचं."

दारात अनुप उभा होता. पिशवी त्याच्या हातात होती.

"किल्ली तर पेनरोजकडेही असेल," तो म्हणाला. "टेक्स्ट मी चिखलासाठी केला. आणि ही खोली, काका, मी दारातूनच पाहिली. हे सगळं त्यानंही केलं असेल."

"केलं असतं. पण तांदूळ?" शशीकाका म्हणाले. "काल मूर्ती तांदळाच्या राशीवर होती. मी ती सरकवल्यावर अर्धी रास उजव्या बाजूला उघडी पडली होती. आज उजवीकडे दाणा नाही. मी मूर्ती जरा उचलून पाहिली. खाली ताजी रास आहे, बरोबर मूर्तीखाली. पेनरोजला तांदळाचं काय ठाऊक? या ईशितालाही माहीत नसेल."

"कुठला तांदूळ?" ईशितानं विचारलं.

"बघ. अनुप, तुला बाकी सगळं काल होतं तसं मांडायचं होतं. सरकवलेली जागासुद्धा तू लक्षात ठेवलीस. पण गणपती नुसत्या कापडावर ठेवायला तुझा हात धजेना. उत्तरपूजा होऊन गेली होती रे, तरी धजेना."

अनुप चादरी टाकलेल्या खुर्चीवर मटकन बसला.

"माझं गाव आंबेटेप, त्या घाटातलं," तो म्हणाला. "रूळ आले ते वाघजाईच्या देवळावरून. वडील सांगायचे, देवीचा चांदीचा मुखवटा साहेबानं नेला आणि वितळवून फावडं केलं. तेच फावडं घेऊन देवीच्या जागेवर पहिली माती काढली. गावात अजून देवीला मुखवटा नाही, नुसता शेंदूर लावलेला दगड आहे. इथे पहिल्यांदा आलो तेव्हा ही पेटी बघितली आणि मला जेवण गेलं नाही."

चैत्रालीनं डोळे पुसले. "आणि मी? माझ्या नावावर किल्ली होती. माझा विचार केलास?"

"केला," अनुप म्हणाला. "आणि तरीही केलं."

खोटं बोलला असता तर तिला कमी लागलं असतं.

बाहेर गाडीचा आवाज आला. पेनरोज कुणाला तरी अदबीनं आत घेऊन येत होते.

६

लेडी हॅलम, सर जोसायांची खापरपणती, काठी टेकत आत आल्या. पेनरोज यांनी फावडं पाहिलं आणि ते धावतच पेटीशी गेले.

"काही चोरीला गेलेलं नाही," चैत्राली म्हणाली. "फावडं जागचं हललेलंच नाही. आपण सकाळी चुकीच्या दिवाणखान्यात होतो."

पेनरोज यांचा जीव भांड्यात पडला. लेडी हॅलम तर हसल्याच. "लहानपणी मी इथे रोज हरवायचे. पण मग तुमचा देव रात्री चालत पलीकडे गेला की काय?"

शशीकाका खिडकीबाहेर बघू लागले. मंडळाच्या माणसांनी चुकून मांडामांड बदलली, एवढं एक वाक्य पुरलं असतं. चैत्रालीनं तोंड उघडलं, आणि ते वाक्य काही बाहेर येईना. डबे पोचवणारा अनुप आणि आज सकाळचा अनुप एकच माणूस कसा, हे तिला कळत नव्हतं, आणि वाचवायचं ते कुणाला, हेही कळत नव्हतं.

"देव मी हलवला," अनुप उठून म्हणाला. "मिस बापटना माहीत नव्हतं. मी त्यांना फसवून किल्ली घेतली. मला हे फावडं न्यायचं होतं."

आणि त्यानं सगळं सांगितलं, वाघजाईसकट. लेडी हॅलम यांचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्यांनी फावड्याकडे नव्यानंच पाहावं तसं पाहिलं.

"आमच्याकडे सांगतात की गावकऱ्यांनी खुशीनं चांदी दिली," त्या सावकाश म्हणाल्या. "मी कधी विचारलं नाही, कुठली चांदी." मग काठी आपटून त्या ताठ झाल्या. "तुम्ही या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. पण पुढच्या महिन्यात ट्रस्टची मीटिंग आहे, शहरात. तिथे या आणि हे सगळ्यांसमोर बोला. मिस बापट, यापुढे किल्ली कुणालाही नाही."

"कुणालाही नाही," चैत्राली म्हणाली.

विसर्जन झालं. तळ्याचं पाणी गार होतं, मूर्ती हळूहळू विरघळली. शशीकाकांनी रिवाजाप्रमाणे तळ्यातली मूठभर माती पाटावर घेतली. हा पाट दरवर्षी अनुपच डोक्यावरून नेतो, त्यामुळे आता कुणी हात पुढे करेना. शेवटी चैत्रालीनंच तो उचलला.

अनुप फाटकाबाहेर उभा होता. मोरयाचा जयघोष त्याला तिथूनच ऐकू आला असणार. चैत्राली त्याच्यासमोर थांबली. तिला त्याचा राग येत होता, आणि त्याच्याकडे बघून गलबलूनही येत होतं. तिनं पाट त्याच्या हातात दिला.

"मी अजून रागावलेय," ती म्हणाली. "खूप दिवस रागावलेली राहणार आहे. मीटिंगला येईन, पण तुझ्याशी बोलणार नाही. त्यांच्याशी बोलेन."

अनुपनं मान हलवली. पाटावरची माती अजून ओली होती.

"पुढच्या वर्षी..." त्यानं सुरुवात केली, पण रस्त्यावर एकट्यानं म्हणायचे ते शब्द नव्हते.

"पुढच्या वर्षी कम्युनिटी सेंटरमध्ये बसवू," चैत्राली म्हणाली. "तिथे एकच हॉल आहे, आणि त्याला एकच दार. ये."